मृतजन्माची नोंदवही घरच्यांसाठी उघडा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

जन्माची नोंदवही सगळ्यांना ठाऊक असते, मृत्यूचीही. आपल्या विभागाकडे तिसरीही एक वही आहे. ती मृतजन्माची. अठ्ठावीस आठवडे किंवा त्याहून अधिक काळ पोटात वाढून जे बाळ जिवंत जन्मलं नाही, त्याची नोंद या वहीत होते. व्हायलाच हवी, कारण जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ तसं सांगतो. या वहीत घरच्यांना आपल्या बाळाची ओळ शोधता यावी आणि तिचा उतारा हातात मिळावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी नातेवाइकांच्या आणि ओळखीतल्या घरांच्या वंशावळी जुळवते. या कामात एक प्रश्न पुन्हापुन्हा समोर येतो. दोन भावंडांच्या वयात पाच-सहा वर्षांचं अंतर दिसतं. विचारलं की कुणीतरी हळूच सांगतं, "मधे एक होऊन गेलं." त्यापुढे माहिती नसते. तारीख नाही, जागा नाही, नाव तर नाहीच. छापील कुलवृत्तांतांत 'अल्पवयात वारला' एवढी तरी ओळ मिळते, पण जे बाळ रडलंच नाही त्याला तिथंही जागा नसते. त्या बाईला मात्र ते मूल आठवत असतं. ऐंशी वर्षांची झाली तरी अपत्यं किती असं विचारल्यावर ती क्षणभर थांबते आणि मग जिवंत मुलांचा आकडा सांगते.

माझ्या आईचं पहिलं बाळ असंच गेलं. हा कायदा लागू झाल्यानंतरची गोष्ट आहे, आणि बाळंतपण एका मोठ्या रुग्णालयात झालं होतं. बाळ तिला दाखवलं नाही. तिला त्रास होऊ नये म्हणूनच ते केलं असणार. त्या काळी असंच करत. पुढची व्यवस्था घरातल्या पुरुषांनी केली आणि त्यातलं आज कुणी हयात नाही. एवढ्या वर्षांनंतर, मी वंशावळीचे कागद पसरून बसले असताना, तिनं विचारलं, "मुलगा होता की मुलगी, ते कुठं लिहिलेलं असेल का गं?"

मंत्रिमहोदय, ते लिहिलेलं असायला हवं. मृतजन्माचा अहवाल नमुना ३ मध्ये भरतात आणि त्यावरून नोंद नमुना ९ च्या नोंदवहीत जाते. त्यात जन्माची तारीख असते, बाळ मुलगा की मुलगी हे असतं, आईवडिलांची नावं असतात, जन्माचं ठिकाण आणि माहिती देणाऱ्याचं नाव असतं. आईच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे त्या वहीतला एक रकाना आहे.

मी त्या नोंदणी कार्यालयात गेले. समोरचे गृहस्थ सज्जन होते, त्यांनी मला बसायला सांगितलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, मेलेल्या बाळाचा दाखला निघत नाही. तो जन्मही नाही आणि मृत्यूही नाही." त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना कुणी वेगळं सांगितलेलंच नव्हतं. पण कायदा त्यांच्या म्हणण्यापेक्षा वेगळा आहे. अधिनियमाच्या कलम २ मध्ये 'जन्म' म्हणजे जिवंत जन्म किंवा मृतजन्म, अशी व्याख्या आहे. कलम १७ म्हणतं की कोणतीही व्यक्ती ठरलेली फी भरून निबंधकाकडून नोंदवहीत शोध घेऊ शकते आणि जन्माच्या किंवा मृत्यूच्या नोंदीचा उतारा मिळवू शकते. ही दोन कलमं शेजारी ठेवून वाचली, तर मृतजन्माची नोंद शोधण्याचा आणि तिचा उतारा मिळण्याचा हक्क आजच अस्तित्वात आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. नोंद सापडली नाही तर अनुपलब्धता प्रमाणपत्र देण्याचीही सोय नियमांत आहे. "मिळालं नाही" हे लेखी हातात पडलं तरी माणूस पुढच्या गावाला, पुढच्या वहीकडे वळू शकतो. मला तोंडी नकार मिळाला, आणि तोंडी नकारावर अपील करणंही अवघड.

'पुढच्या गावाला' असं म्हटलं, कारण ही नोंद शोधणं वाटतं तितकं सरळ नसतं. घटना जिथं घडली तिथल्या निबंधकाकडे नोंद होते, आईवडील राहतात तिथं नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे सासरच्या गावातल्या वह्या कितीही चाळल्या तरी पहिलं मूल तिथं सापडत नाही. माहेरचं गाव शोधायचं, ती जवळच्या तालुक्याच्या दवाखान्यात गेली होती का ते विचारायचं, तिथं नगरपालिका होती की ग्रामपंचायत ते पाहायचं. त्यात आणखी एक अवघड प्रश्न असतो, बाळ रडलं होतं का? क्षणभरही श्वास घेतला असेल तर कायद्याच्या दृष्टीनं तो जिवंत जन्म, मग त्याची एक नोंद जन्माच्या वहीत आणि दुसरी मृत्यूच्या. नसेल तर एकच नोंद, तिसऱ्या वहीत. पन्नास वर्षांपूर्वी प्रसूतिकक्षात काय झालं हे घरात कुणालाच नीट माहीत नसतं, त्यामुळे तिन्ही वह्या पाहाव्या लागतात. कार्यालयात मात्र दोनच वह्या पाहून देतात.

अठ्ठावीस आठवड्यांच्या आत गेलेल्या बाळांसाठी तर ही तिसरी वहीही नाही. त्यांचा माग लागलाच तर रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षाच्या नोंदवहीत लागतो.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. जिवंत बाळाच्या जन्माचा अहवाल भरताना आईला आजवर किती मुलं जिवंत झाली ते विचारतात. म्हणजे पुढच्या मुलाच्या कागदावरही आधीचं ते मूल मोजलं जात नाही. दुसरीकडे, मृतजन्माच्या अहवालाच्या सांख्यिकी भागात गर्भधारणा किती आठवड्यांची होती आणि बाळ कशानं गेलं, हे रकाने आहेत. तो भाग वेगळा काढून आकडेवारीसाठी पुढे पाठवला जातो. जगात दरवर्षी सुमारे १९ लाख मृतजन्म होतात असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे, आणि त्यांत भारतातली संख्या सगळ्यांत मोठी आहे. ही मोजणी व्हायलाच हवी, तिच्यामुळेच पुढची बाळं वाचतात. पण ज्या घरातून ती ओळ आली, त्या घराला ती परत पाहता येत नाही, हे बरोबर नाही.

या वह्या आहेत कुठं, हा माझा दुसरा मुद्दा. जन्म, मृत्यू आणि मृतजन्म या तिन्ही नोंदवह्या कायम महत्त्वाचे अभिलेख आहेत, त्या नष्ट करायच्या नाहीत, असं नोंदणीचे नियम स्पष्ट सांगतात. कॅलेंडर वर्ष संपल्यावर बारा महिने त्या निबंधकाकडे ठेवायच्या आणि मग नेमून दिलेल्या अधिकाऱ्याकडे जतनासाठी सोपवायच्या. जन्माची जुनी वही दाखल्यासाठी सतत लागते म्हणून ती निदान कुठल्या कपाटात आहे हे माहीत असतं. मृतजन्माची वही कुणी मागतच नाही. न मागितलेल्या कागदाला वाळवी लागली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून प्रत्येक जिल्ह्यात कोणत्या वर्षापासूनच्या मृतजन्माच्या वह्या शिल्लक आहेत, याची यादी आपण मागवावी आणि ती जाहीर करावी. त्यानंतर त्यांचं स्कॅनिंग व्हावं. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू झाला, आता नव्या नोंदी संगणकावर होतात. जुन्या वह्या कागदावरच आहेत, आणि ज्या आया हे विचारतात त्यांची बाळं त्याच वह्यांत आहेत. त्यांचं वय पाहता हे काम दहा वर्षांच्या योजनेत बसवता येणार नाही.

हे होऊ शकत नाही, असं कृपया कुणी सांगू नये. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभर गाव नमुना १४ आणि कोतवाल बुकं, म्हणजे गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, बाहेर काढली गेली, मोडी वाचणारे बोलावले गेले, सापडलेल्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या. त्या जुन्या पानांवर अनेकदा बाळाचं नाव नसतं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढंच. तरी त्या एका ओळीवरून पणतवंडांनी आपलं नातं सिद्ध केलं. निनावी नोंदीलाही किंमत असते, हे राज्यानं तेव्हा मान्य केलंच आहे.

गोपनीयतेचा प्रश्न मी टाळणार नाही. या नोंदी सरसकट सगळ्यांसाठी खुल्या कराव्यात, असं माझं म्हणणं नाही. एखाद्या बाईनं आयुष्यभर कुणालाही न सांगितलेली गोष्ट त्या ओळीत असू शकते. लग्नाआधीचं मूल असेल, मोडलेल्या पहिल्या संसारातलं असेल. आई हयात आहे तोवर तिची संमती हवीच, या बाबतीत मी ठाम आहे. तिच्यानंतर वडील, भावंडं, आणि मग पुढची पिढी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १९२७ पासून मृतजन्मांची वेगळी नोंद होते. ती वही तिथंही सर्वांना चाळता येत नाही, दाखला आईवडिलांना मिळतो आणि ते हयात नसतील तर भावंडांना. असा क्रम आपल्याकडे परिपत्रकानं घालून देता येईल. आज मात्र गोपनीयता राखायची म्हणून नव्हे, तर माहितीच नाही म्हणून नकार मिळतो, आणि तो खुद्द आईलाही मिळतो.

नावाविषयीही एक विनंती आहे. मृतजन्माच्या अहवालात बाळाच्या नावाला रकाना नाही. काही आईबापांनी नाव आधीच ठरवलेलं असतं, काहींनी नंतर मनात ठेवलेलं असतं. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून आईवडील आपल्या मृत जन्मलेल्या बाळाची नोंद लोकसंख्या नोंदवहीत करून घेऊ शकतात, बाळ कितीही वर्षांपूर्वी गेलेलं असो. आपल्याकडे नमुना बदलायला केंद्राची संमती लागेल, ती आपण मागावी. तोवर आईवडिलांच्या अर्जावरून शेऱ्यात नाव लिहून घेण्याची मुभा देता येते का, ते आपल्या अधिकाऱ्यांनी तपासावं. ज्यांना नको असेल त्यांच्यावर सक्ती नको.

रुग्णालयांच्या प्रसूतिकक्षाच्या जुन्या नोंदवह्या आणि स्मशानभूमी-दफनभूमीच्या वह्या रद्दीत काढण्यापूर्वी जिल्हा अभिलेखागाराला विचारावं, एवढी सूचनाही त्याच परिपत्रकात यावी. बाळाला कुठं ठेवलं, हे मृतजन्माच्या वहीत नसतं. ते फक्त या कागदांवरून कळू शकतं.

जुनं हस्ताक्षर आणि मोडी वाचू शकणारी, या कामासाठी वेळ द्यायला तयार असलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, मीही त्यांतली एक. आपल्या विभागानं एखाद्या जिल्ह्यापासून सुरुवात केली तर गोपनीयतेची हमी लिहून देऊन आम्ही विनामोबदला वह्या वाचून देऊ. माझ्या आईचा अर्ज मी कलम १७ चा उल्लेख करून पुन्हा, या वेळी लेखी, दाखल केला आहे. त्याचं उत्तरही लेखी यावं, आणि असा अर्ज घेऊन येणाऱ्या प्रत्येक आईला ते तसं मिळावं, अशी तजवीज आपण करावी.

कळावे,

आपली नम्र,
वंशावळी जुळवणारी एक नागरिक