कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी

विक्रोळी, मुंबई

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

बँकेचं शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र काल आलं. ४ लाख मंजूर झाले. फोनवर तू म्हणालास, "कॉलेज संपेपर्यंत काही भरायचंच नाही, मग टेन्शन कसलं?" तेवढ्यासाठी हे पत्र लिहितेय. आजोळी आहेस, निवांत आहेस, तर सगळं नीट वाच.

आधी शिष्यवृत्ती. तुझा प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झाला, म्हणून राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती तुला लागू होते. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला असता तर ती मिळाली नसती. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर निम्मं शिक्षण शुल्क सरकार देतं आणि ते परत करायचं नसतं. पण 'निम्मी फी माफ' असं धरून चालू नकोस. कॉलेजची पावती बघ. एकूण १,५५,०००, त्यात शिक्षण शुल्क १,४०,००० आणि विकास शुल्क १५,०००. निम्मं होतं ते फक्त शिक्षण शुल्क. विकास शुल्क अख्खं आपल्यालाच भरायचंय. म्हणजे ८५,००० झाले, वर पुस्तकं, सबमिशनचा खर्च, रेल्वेचा पास. वर्षाला लाख रुपये धर. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्जही एकदा भरून भागत नाही, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. (सईच्या वेळी ओझं कमी असेल. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. फार चांगलं झालं हे.)

आता कर्ज. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्रयस्थ जामीनदार लागत नाही आणि मार्जिनही नाही, म्हणजे खर्चातला ठरावीक हिस्सा आधी आपल्या पदरचा घालावा लागत नाही. मी सहकर्जदार आहे. हप्ता थकला तर तुझा आणि माझा, दोघांचाही सिबिल स्कोअर खाली येणार.

खरी मेख मोरेटोरियममध्ये, म्हणजे हप्ते न भरण्याच्या सवलतीच्या काळात आहे. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढे एक वर्ष हप्ता नाही, एवढं तुझं बरोबर. व्याज मात्र कॉलेजला पहिली रक्कम गेली त्या दिवसापासून लागतं. हिशेबाला सोपं म्हणून दर १० टक्के धरू. बँक दरवर्षी एक लाख सोडणार. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं व्याज ५०,०००, दुसऱ्यावर ४०,०००, मग ३०,००० आणि २०,०००. सगळे मिळून १,४०,०००. हे सरळव्याज झालं, व्याजावर व्याज नाही, तरीही हप्ते सुरू होतील तेव्हा डोक्यावर ५,४०,००० असतील. दहा वर्षांच्या मुदतीला महिना साधारण ७,१३५ रुपये. नुसत्या ४ लाखांचा हप्ता ५,२८५ च्या आसपास बसतो. पतपेढीच्या काउंटरवर मी हे रोज बघते. माणूस पासबुक पुढे सरकवतो आणि विचारतो, "मॅडम, मी एकही हप्ता चुकवला नाही, मग रक्कम वाढली कशी?" सवलतीच्या काळातलं व्याज मुद्दलात मिळवलेलं असतं. ती नोंद बोटाने दाखवली की तो गप्प होतो. तुझ्यावर ती वेळ यायला नको.

मावशी म्हणाली, व्याज केंद्र सरकार भरतं. भरतं, पण मोरेटोरियममधलं व्याज माफ होतं ते वार्षिक उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असणाऱ्यांना. आपलं त्याच्या वर जातं. पीएम विद्यालक्ष्मीत ८ लाखांपर्यंत उत्पन्नाला व्याजात ३ टक्के सवलत आहे, पण निवडक संस्थांसाठीच, आणि तुझं कॉलेज त्या यादीत नाही. राहिली आयकरातली सवलत. त्यात जुन्या करपद्धतीत भरलेल्या व्याजाची वजावट मिळते, आठ वर्षं, मुद्दलाची नाही.

म्हणून मी ठरवलंय, व्याज दरमहा भरत जायचं. पहिल्या वर्षी महिना ८३५ रुपयांच्या आसपास, पुढे दरवर्षी तेवढ्याने वाढत चौथ्या वर्षी ३,३३५ पर्यंत. पहिली दोन वर्षं मी भरीन. तिसऱ्या वर्षापासून शिकवण्या घेऊन किंवा कसंही, निम्मं तू उचल. अभ्यासाला धक्का लागणार असेल तर राहू दे, मी बघेन. शिकता शिकता व्याज भरणाऱ्यांना काही बँका दरात १ टक्का सूट देतात. आपल्या मंजुरीपत्रात ती ओळ नाही, शाखेत जाऊन विचारायचं आहे.

शनिवारी येऊ नकोस, दुसरा शनिवार आहे, बँक बंद. सोमवारी सकाळी ये. आधार आणि बारावीची मूळ गुणपत्रिका बरोबर आण. उत्पन्नाचा दाखला मी सेतू केंद्रातून घेऊन ठेवलाय. आणि सहीआधी कर्जाच्या कागदाची ती चारही पानं माझ्यासमोर मोठ्याने वाच, जे कळणार नाही ते तिथल्या तिथे मॅनेजरांना विचार.

तुझी,
आई