रात्रपाळीच्या सिस्टरना, ज्या अण्णांशी बोलत राहिल्या

सिस्टर,

तुमचं नाव मला माहीत आहे, पण तुम्हाला न विचारता ते असं सगळ्यांसमोर लिहिणं बरं वाटलं नाही. भातलावणीच्या दिवसांत तुमच्या आयसीयूत मण्यार चावलेले एक म्हातारे शेतकरी होते, त्यांची मी मुलगी. एवढ्यावरून ओळख पटेल.

अण्णा घरी आहेत. जेवतात, चार पावलं चालतात, आवाज अजून थोडा घोगरा आहे. घशातली नळी निघून बोलता आलं तेव्हा त्यांनी पहिली चौकशी केली ती तुमची.

तुमच्याकडे येईपर्यंत काय झालं ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. पहाटे त्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या. पडवीत खालीच झोपले होते. अंगावर ना खूण, ना सूज. पहिल्या दवाखान्यात पित्त म्हणून इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. मण्यार रात्री झोपेत चावते, दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही, आणि पोटदुखी हे तिच्या विषाचं नेहमीचं लक्षण. भाताच्या पट्ट्यात दवाखाना थाटून बसलेल्या माणसाला एवढं माहीत असायला नको? पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, तेव्हा दुसरीकडे धावलो. तिथे डोळ्यांत बॅटरी मारली, बाहुल्या हलल्या नाहीत, आणि अण्णांच्या उशाशी उभं राहून डॉक्टर म्हणाले, "यांच्यात आता काही उरलेलं नाही. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या."

अण्णांनी ते ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला.

तुम्ही ड्यूटीवर आलात आणि मशीनकडे बघण्याआधी त्यांच्या कानाशी वाकलात. "अण्णा, तुम्हाला ऐकू येतंय, मला माहीत आहे. डोळे उघडत नाहीत ते विषामुळे. ते उतरणार आहे. श्वास मशीन देतंय, तुम्ही घाबरू नका." मग मला जवळ बोलावलंत, बोटांनी हलकेच त्यांच्या पापण्या वर धरल्यात आणि म्हणालात, "बघा, मुलगी आलीय." आता अण्णा सांगतात, तोवर त्यांना एकच भीती होती, की आपल्याला जिवंतपणीच सरणावर ठेवतील. तुमच्या आवाजानं ती गेली. पुढेही कूस बदलताना, नळी साफ करताना, दर वेळी तुम्ही आधी त्यांना सांगायचात आणि मगच हात लावायचात.

घरी आल्यावर मी या विषाबद्दल मिळेल ते वाचत बसले. मण्यारीचं विष मेंदूला हात लावत नाही. नसा जिथे स्नायूंना हुकूम देतात ती टोकंच निकामी करतं. म्हणून माणूस आत जागा असतो आणि बाहेरून मेल्यासारखा दिसतो. साप चावल्यावर देतात ती लस रक्तात फिरणारं विष पकडते, पण टोकांत शिरलेलं विष तिच्या हाताला लागत नाही. ती टोकं शरीरानंच पुन्हा वाढवायची आणि तोवर व्हेंटिलेटरनं श्वास द्यायचा. तुम्ही "उतरणार आहे" म्हणालात ते नुसतं समाधान नव्हतं, ते खरं होतं.

आपल्याकडे ही लस अजून घोड्यांच्या रक्तापासूनच बनते आणि तिच्यासाठी लागणारं बहुतेक विष तामिळनाडूतले इरुळा लोक साप पकडून काढून देतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चौघांवर ती एकच. पण एकाच जातीच्या सापाचं विषही प्रांतागणिक बदलतं, आणि तिथे लस कमी पडते. या देशात 2000 ते 2019 या काळात साप चावून सुमारे 12 लाख माणसं गेली, बहुतेक खेड्यांतली. तरी जागतिक आरोग्य संघटनेनं सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं ते 2017 साली! बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या चमूनं अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर प्रयोगशाळेत एक मानवी प्रतिपिंड तयार केलं. नाग, मण्यार, आफ्रिकेतला मांबा यांच्या विषांतल्या एका मोठ्या घटकाला ते उंदरांत रोखतं, हे 2024 मध्ये प्रसिद्ध झालं. सापाच्या विषावरच्या व्हारेस्प्लाडिब नावाच्या गोळीची चाचणी भारतातही झाली. सगळे रुग्ण एकत्र धरले तर अपेक्षित फरक दिसला नाही, पण लवकर गोळी मिळालेल्यांत उपयोगाची चिन्हं दिसली. मला या गोळीची फार आशा वाटते. मण्यारीचं मुख्य विष त्याच जातीचं आहे जिला ही गोळी अडवू पाहते, आणि गोळी गावात ठेवता येते. आमच्यासारख्यांचे हाल होतात ते गाव ते रुग्णालय या वाटेवर.

ही औषधं यावीत, लवकर यावीत. पण सिस्टर, कितीही चांगलं औषध आलं तरी "पित्त आहे" म्हणून घरी धाडणाऱ्याच्या हातात ते काय कामाचं? तुमच्यावर किती खाटांचा भार होता ते मी बघत होते. कुणी विचारणार नव्हतं, कुठल्या कागदावर लिहिलं जाणार नव्हतं, तरी तुम्ही न हलणाऱ्या माणसाला माणूस म्हणून हाक मारत राहिलात. अशी माणसं सरकारी दवाखान्यांत रात्र रात्र उभी आहेत आणि पेपरात नाव येतं ते फक्त काही बिघडलं की. याचा मला फार राग येतो.

अण्णा आता खाटेवर झोपतात, मच्छरदाणी गादीखाली खोचून. वाडीतल्या चार घरांनाही त्यांनी तसंच करायला लावलंय. कापणी उरकली की नवा तांदूळ घेऊन ते स्वतः तुम्हाला भेटायला येणार आहेत. दिवाळीनंतर तुमची ड्यूटी दिवसाची आहे की रात्रीची, तेवढं वॉर्डात सांगून ठेवा.

तुमची,
अण्णांची मुलगी