आई, तू बाबांच्या पाठीवर झोपायचीस

मेळघाट,
तान्हा पोळा

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलता आलं नसतं. आरोग्य उपकेंद्रामागच्या टेकाडावर चढलं की रेंज मिळते, आणि तिथं उभं राहून आईशी भांडायचं म्हणजे अख्ख्या गावाला ऐकू जातं.

आई, परवा तू म्हणालीस, "महालक्ष्म्यांले ये, पण एसटीनं ये. पोरीच्या जातीनं त्या घाटातून फटफटी हाणत येऊ नको." बाबा मागून काहीच बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा त्यांचं मत तुझ्यासारखंच असतं, म्हणून हे पत्र दोघांना.

दादा अजूनही गाव ते अमरावती किती मिनिटांत गाठलं ते सांगतो. कॉलेजसमोर एका चाकावर गाडी उचलायचा, त्याचे मित्र शिट्ट्या मारायचे. मलाही तेव्हा वाटायचं, गाडी चालवावी तर दादानं. बाबा म्हणजे बैलबंडी. आता रोज लसीचा डबा मागे बांधून पाड्यांवर जाते तेव्हा वेगळंच आठवतं. अकोटहून मामाकडून परत येताना तू बाबांच्या पाठीला डोकं टेकून झोपायचीस. मी टाकीवर पुढे बसलेली, मागं वळून बघायचे तर तुझे डोळे मिटलेले. (तसं झोपू नये, हे आता मीच बायांना सांगत फिरते.) दादाच्या मागे कोणी डोळे मिटल्याचं मला आठवत नाही. तू तर त्याच्या मागे बसून रामरक्षा म्हणायचीस.

बाबांनी गेर कधी बदलला, ब्रेक कधी लावला, हे मागच्याला कळायचंच नाही. मला वाटायचं जुनी सीडी हंड्रेडच तशी मऊ असेल. इथं शिकले तेव्हा समजलं की मऊ गाडी नसते, हात असतो. लांबूनच अंदाज घेऊन एक्सलेटर सोडला तर ब्रेक दाबायची वेळच कमी येते. गायकी ढोरं घेऊन घरी यायच्या वेळेला तुम्ही अर्ध्या क्लचवर, मागचा ब्रेक किंचित धरून, पाय खाली न टेकवता कळपातून गाडी काढायचात. मी ते पहिल्यांदा केलं तेव्हा दोनदा बंद पडली. पळवणं सोपं, बाबा. माणसाच्या चालीनं सरळ चालवणं अवघड. आरटीओत आठचा आकडा काढायला लावतात तो उगाच नाही.

"ढोराच्या मागून काढाची, समोरून नाही." "एक रोही गेली की थांब, मागून दुसरी येतेच." "खड्ड्याकडे पाहू नको, जिकडून जाचं तिकडं पाह्य." हे तुम्ही मला कधी शिकवलं नाही. दादाला शिकवलंत, मी टाकीवर बसून ऐकलं. दादा चौदाचा होता तेव्हा खळ्यावर तुम्ही त्याच्यामागे धावलात. मला बारावीनंतर सायकल मिळाली. हे मी बरीच वर्षं मनात धरलं होतं, आता नाही. पण सांगून टाकते. गाडी मी सत्ताविसाव्या वर्षी शिकले, इथल्या सिस्टरच्या मिस्टरांकडून, आठवडी बाजार उठल्यावरच्या मोकळ्या मैदानात. खड्ड्याचं पहिल्याच दिवशी कळलं. त्याच्याकडे बघत राहिले आणि बरोबर त्याच्यातच गेले. डोळे जिकडे, हँडल तिकडे. ते हसून म्हणाले, हे कोणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं, दुसऱ्याला.

एका बाबतीत मात्र तुम्ही चुकीचं सांगितलंत. "समोरचा ब्रेक मारू नको, उलटून पडशीन." तुमच्या गाडीचा पुढचा ब्रेक म्हणूनच कायम ढिला. खरं उलट आहे. ब्रेक लागला की सगळं वजन पुढं येतं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरतं; थांबवण्याचं जास्त काम पुढचं चाकच करतं. दोन्ही ब्रेक लावायचे, पुढचा झटका न देता दाबत न्यायचा. 2019 पासून छोट्या नव्या गाड्यांना दोन्ही जोडूनच देतात, मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. माझी तशीच आहे.

आता हे वाचून आई घाबरेल, पण लपवायचं नाही असं ठरवलंय. मागच्या आखाडात सेमाडोहच्या अलीकडे एका वळणावर पडले. गाडी कललेली, रस्त्यावर गिट्टी सांडलेली, समोर वानर आलं आणि मी पुढचा ब्रेक करकचून आवळला. कोपर सोलला, बाकी काही नाही. म्हणजे तुमचं म्हणणं गिट्टीवर आणि वळणात खरं आहे, बाबा. एवढं मान्य. वेग वळणाच्या आधी उतरवायचा असतो, वळणात नाही. आणि वेग दुप्पट केला तर ब्रेकनं थांबायला चौपट रस्ता लागतो, हे मी त्या दिवसापासून विसरले नाही.

तुम्ही दोघं इकडे आलात तो दिवस आठवतो? सपाट दर्यापुरात आयुष्य गेलेला माणूस घाट पहिल्यांदाच चढला. परत जाताना घटांगच्या वर तुम्ही गाडी थांबवून दोन्ही ब्रेक दाबून पाहिलेत आणि म्हणालात, "ज्या गेरात चढलो त्याच गेरात उतरू." पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून उतरणारे मी रोज बघते, त्यांचे ब्रेक तापतात आणि मग धरत नाहीत. तुम्हाला घाट माहीत नव्हता, पण इंजिनलाच ब्रेक करायचं कळलं. आईची तक्रार एवढीच, की आवाजानं कान दुखले.

अर्धी गाडी आईच चालवायची, हेही लिहिते. एकाच बाजूला पाय टाकून, मांडीवर तुरीच्या डाळीची थैली, पदर खोचलेला, आणि गाडी वळली की अंगही तेवढंच वळायचं. माझ्यामागे आशाताई बसतात त्या वळणावर उलट्या झुकतात. गाडी कुठं जाईल ते देवालाच ठाऊक.

पण बाबा, तुमची खरी हुशारी मला लहानपणी लाज वाटायची त्या गोष्टीत होती. पावसाळा लागला की तुम्ही गाडी फाट्यावरच्या पानटपरीमागे लावून यायचात आणि पांदणीनं चपला हातात घेऊन पायी. इतर पोरींचे बाप गाडीवर दारात यायचे. म्हणजे यायला निघायचे. काळी माती मडगार्डात भरून चाक जाम व्हायचं आणि तुराटीनं उकरत बसायचे. रस्त्यावर निसरडं कुटार पसरलेलं असलं की तुम्ही उतरून गाडी ढकलायचात. रपट्यावरून पाणी जात असलं तर अलीकडच्या देवळात रात्र काढायचात. गाडी केव्हा काढायची नाही, हे ज्याला कळतं तोच पन्नास वर्षं चालवतो.

म्हणून आता एक मागणं. तुमच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसरा बाकी आहे. समोरून नव्या गाड्यांचे पांढरे लाइट आले की तुम्हाला रस्ता दिसत नाही, हे तुम्हीच आईला सांगितलंत आणि आईनं मला. बिनलाइटची कापसाची ट्रॉली रस्त्यात उभी असते, तुमच्या मिणमिणत्या दिव्यात ती जवळ आल्यावरच दिसणार. दिवे लागायच्या वेळी गाडी तशीच फाट्यावर ठेवा, जशी पावसाळ्यात ठेवायचात. आणि मी आणलेलं आयएसआयचं हेल्मेट डोक्यावर घाला, पट्टा लावून. दुपट्टा ऊन थांबवतो, डांबर नाही.

माझं असं ठरलंय. उजाडल्यावर निघेन. सिपना नदीला किंवा मधल्या नाल्यांना पाणी असलं तर अलीकडेच थांबेन आणि फोन करेन. तसं झालं तर माझी आंबील दुसऱ्या दिवशी ठेवा.

आले की तुमचा पुढचा ब्रेक घट्ट करून देते. पाना शोधून ठेवा. हेल्मेटात आईनं लसूण भरलाय ना, त्याच्याच खाली असेल.

तुमची,
धाकटी