७०२ च्या टेरेसवरचा डेक आणि माझ्या बेडरूमचं छत (पत्र क्रमांक ४)

मा. अध्यक्ष साहेब,
सप्रेम नमस्कार.

याआधीची तीन पत्रं तुमच्यापर्यंत पोचली नसावीत असं मी धरून चालतोय, कारण सेक्रेटरी म्हणतात इनवर्ड रजिस्टर सापडत नाही. म्हणून हे चौथं, आणि याची पोच सही-शिक्क्यासकट हवीये.

७०२ ची टेरेस माझ्या म्हणजे ६०२ च्या बेडरूमच्या बरोब्बर डोक्यावर आहे हे तुम्हाला माहीतच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी तिथे डेक, म्हणजे उचललेलं फ्लोअरिंग, केला. मूळ टेरेसला वॉटरप्रूफिंगचा कोबा होता, कोपऱ्यातल्या दोन आउटलेटकडे उतार होता आणि भिंतीलगत सहा इंच वाटा (वॉटरप्रूफिंगची गोलाई) चढवलेला होता. त्यावर यांनी सिमेंटचे ठोकळे मांडले, त्यावर दोन बाय दोनच्या जाड टाइल टाकल्या आणि सगळे जॉइंट पांढऱ्या ग्राउटने पॅक करून टाकले. अहो, उचललेल्या फ्लोअरिंगचा अर्थच हा की खाली ॲडजस्टेबल स्टँड बसवायचे, टाइलमध्ये तीन-चार मिलिमीटरची फट मोकळी ठेवायची, पाणी फटीतून खाली जाऊन जुन्या उतारावरून आउटलेटला जातं आणि कधीही एखादी टाइल हाताने उचलून कचरा काढता येतो. इथे उचलायला ब्रेकर लागेल! दोन्ही आउटलेट टाइलखाली गाडलेत, वरून नुसती नक्षीची जाळी. टाइल वाट्याच्या वर गेलीये, त्यामुळे वर साचलेलं पाणी जिथे वॉटरप्रूफिंगच नाही तिथून भिंतीत शिरतं. त्यात वेल चढवायला चार लोखंडी पाइप उभे केलेत, त्याचे अँकर बोल्ट थेट कोब्यात. हे मी मनाने सांगत नाहीये, आपल्याच प्लंबरने स्टुलावर चढून माझं छत ठोकून बघितलं आणि वर बोट दाखवलं.

आता माझ्याकडची परिस्थिती. फॅनच्या रॉडवरून थेंब पडतो, म्हणून तो फॅन जूनपासून बंद आहे. बेडच्या मधोमध पातेलं ठेवलंय, त्यात जुना पंचा टाकलाय कारण नाहीतर रात्रभर टप टप आवाज येतो, आणि आम्ही दोघं पातेल्याच्या दोन बाजूंना झोपतो. आईचं लाकडी कपाट भिंतीपासून ओढलं तर मागे काळी बुरशी. दोन वेळा रंग दिला, स्वखर्चाने, बिलं जोडलीयेत.

बरं, वजनाचं काय? चार इंच पाणी साचलं तर स्क्वेअर मीटरला शंभर किलो होतात, त्यात टाइल, ठोकळे, मातीच्या कुंड्या आणि शनिवारची पंधरा-वीस माणसं. कठड्याची उंची फिनिश्ड फ्लोअरपासून निदान एक मीटर लागते, आता फ्लोअर सहा इंच वर आल्यावर ती किती उरली ते एकदा टेप लावून बघा, त्यांचाच नातू तिथे सायकल चालवतो. आणि खाली साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगीचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. ५०१ च्या काकूंना मागच्या महिन्यात डेंगी झाला. मी आरोप करत नाहीये, फक्त तारखा सांगतोय.

सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याला ताबा डिसेंबर २०२० मध्ये मिळाला. रेराच्या, म्हणजे बिल्डरांवरच्या नियमन कायद्याच्या, कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करायचे असतात. जुलैत बिल्डरचा माणूस येऊन गेला, वरचा डेक बघितला आणि "तुम्ही वर काम केलंय, आता आमची जबाबदारी नाही" म्हणून हात झटकून मोकळा झाला. "तुम्ही" म्हणजे कोण साहेब? मी तर एक टाइल लावली नाही. आज १८ ऑगस्ट २०२५ आहे, पाच वर्षं संपायला चार महिने राहिलेत.

उपविधींमध्ये कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय फ्लॅटमध्ये फेरबदल करायचे नाहीत असं स्पष्ट आहे. परवानगीची प्रत मागितली तर तुम्ही म्हणालात "आपसात मिटवा". आपसात मिटवायला मी तीनदा वर गेलो, एकदा चहा मिळाला, दोनदा "साहेब झोपलेत". दुपारी दीडला खुर्च्या ओढल्याचा आवाज मात्र येत होता. (२०२२ मध्ये माझ्या पार्किंगमध्ये त्यांची गाडी अकरा दिवस होती, तेव्हाही मी काही बोललो नव्हतो.) डेकच्या उद्घाटनाच्या पावभाजीला तुम्हीही होतात, फोटो ग्रुपवर आहेत, तेव्हा परवानगीचा विषय निघाला नसावा.

मी एकटा बोलत नाहीये. ५०१, ३०४ आणि ८०२ यांचं हेच मत आहे. ८०२ सही करणार नाहीत, पण लिफ्टमध्ये त्यांनी मान हलवली. आणि माझ्या ड्राय बाल्कनीला (कपडे धुण्या-वाळवण्याच्या) बसवलेली स्लायडिंग खिडकी या विषयात मध्ये आणू नका, ती सगळ्यांनीच केलीये आणि तिच्यातून कुणाच्या बेडवर पाणी पडत नाही.

माझी मागणी अगदी साधी आहे. डेक तोडा असं मी म्हणत नाहीये. दोन्ही आउटलेटजवळच्या चार-चार टाइल काढा, पाइप काढा, आणि सोसायटीने स्वतःचा इंजिनियर आणून लेखी रिपोर्ट घ्यावा, खर्च कुणाचा ते रिपोर्टवरून ठरेल. हे जमत नसेल तर पुढची कमिटी मीटिंग माझ्या बेडरूममध्ये घ्या, पावसाच्या दिवशी. चहा मी देईन, पातेलं तेवढं रिकामं नाहीये. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाईन, मग मला दोष देऊ नका.

आपला नम्र,
फ्लॅट ६०२

ता. क. : लॉबीतल्या शू रॅकबद्दल तुमची नोटीस काल मिळाली, दोन दिवसांत, रजिस्टर नंबरसकट. तिचं उत्तर वेगळं पाठवतो.