शेवटचे कडवे तुम्हीच कापले आणि वर शेरा 'शेवट अपुरा'

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
युवा अभंगलेखन स्पर्धा विभाग

विषय : मुलीच्या अभंगातले कडवे न विचारता काढून टाकल्याबाबत आणि भरलेल्या ७०० रुपयांबाबत.

महोदय,

मंगळवेढ्यात माझे बी-बियाण्यांचे दुकान आहे. एकादशीला रात्री भजनात टाळ धरतो, एवढाच माझा साहित्याशी संबंध. पण अभंग कुठे संपतो ते कानाला कळते. तुमच्या संग्रहात पान ८४ वर तो संपलेला नाही, म्हणून हे पत्र.

माझी मुलगी अकरावीत आहे. १५ ते २१ वयोगटासाठी अभंगलेखन स्पर्धा, अशी जाहिरात तिने तुमच्या ॲपवर पाहिली. मागे पसायदान लावलेले, आणि खाली ओळ अशी की ज्ञानदेवांनी पंधराव्या वर्षी नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली, मग तुम्ही का नाही? प्रवेश शुल्क २५० रुपये आणि छापील संग्रहाची सक्तीची आगाऊ नोंदणी ४५० रुपये. दोन्ही मी भरले, पावती सोबत आहे.

त्यानंतर तीन आठवडे आमच्या घरात बोटांवर अक्षरे मोजणे चालले होते. सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. जोडाक्षर एक धरायचे की दोन, यावरून मायलेकींची जुंपली. माझी आई शाळेची पायरी चढलेली नाही. ती म्हणाली, "म्हणून दाखव." मुलीने चालीवर म्हणून दाखवले आणि वाद मिटला : एकच.

अभंगही या आजीवरच आहे. गुडघ्यांमुळे तिची पायी वारी बंद झाली, पण ज्वारीची कणसे खुडताना तिचे भजन सुटलेले नाही. तुम्ही छापलेला अभंग या कडव्यावर थांबतो :

कणसे खुडता । टाळी वाजे मनी ।
कोण माझ्या रानी । उभा आहे ॥

कोण उभा आहे? याचे उत्तर पुढच्या कडव्यात होते आणि ते तुम्ही कापले. कारण मेलमध्ये दिले आहे : 'नियम ७ नुसार रचनेत कवीची ओळख उघड करणारा मजकूर आढळल्याने तो वगळून प्रवेशिका पात्र ठरवण्यात आली आहे.' शेवटच्या कडव्यात तिने 'आजीची मी नात' अशी नाममुद्रा, म्हणजे अभंगातच गुंफलेली कवीची सही, घातली होती. यातून कुणाची ओळख उघड होते? प्रत्येक मुलगी कुणा ना कुणा आजीची नात असतेच.

परीक्षकाला नाव कळू नये, हा हेतू मला मान्य आहे. वशिल्याने गुण जाऊ नयेत. पण स्पर्धा अभंगाची आहे, आणि शेवटी नाममुद्रा घालणे ही अभंगाची जुनी रीत आहे. 'तुका म्हणे' तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. एकनाथांनी 'एका जनार्दनी' म्हणताना स्वतःच्या नावासोबत गुरूंचेही नाव घेतले. जनाबाई 'नामयाची जनी' झाली. माझ्या मुलीने उचलली ती जनाबाईचीच रीत : आपण कुणाचे ते सांगायचे. हिने तर स्वतःचे नावही घातलेले नाही. तुमच्या नियम ७ पुढे यांतला एकही टिकणार नाही. जाहिरातीतल्या पसायदानाच्या शेवटच्या ओवीतही ज्ञानदेवांचे नाव आहे, तीही कापावी लागेल.

इथवर मी गप्प बसलो असतो. पण निकालासोबत परीक्षकांचा शेरा आला : 'विषय चांगला. शेवट अपुरा वाटतो.' दहापैकी चार गुण. पाय तुम्हीच तोडायचे आणि लंगडतो म्हणून गुणही तुम्हीच कापायचे!

ग्राहक सेवेला दोनदा फोन केला. पहिल्यांदा 'नियम सर्वांना सारखे' एवढेच ऐकायला मिळाले. दुसऱ्यांदा एका मुलीने आपुलकीने विचारले, "सर, नाममुद्रा म्हणजे शिक्का का?" तिला मी दोष देत नाही, तिला कुणी सांगितलेच नसणार. पण ज्यांनी नियम लिहिले, त्यांनी आधी एखाद्या गावच्या भजनाला बसायला हवे होते.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार आपल्या रचनेची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा हक्क कवीला आहे. ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माझ्या फोनला सहा आठवडे होऊन गेले. आता १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जायचे की जिल्हा ग्राहक आयोगाकडे, हे तुमच्या उत्तरावर ठरवीन.

मला बक्षीस नको. अभंगाची जाण असलेल्या परीक्षकाकडून मूळ रचना पूर्ण वाचून घ्या आणि गुण पुन्हा द्या. ते चारच आले तरी चालतील. ७०० रुपये परत करा. पुढच्या वर्षी नाममुद्रा झाकायचीच असेल, तर परीक्षकाच्या प्रतीत तेवढ्या अक्षरांच्या जागी फुल्या घाला, म्हणजे मोजणीही बिघडत नाही. आणि संग्रहाच्या उरलेल्या प्रतींत शुद्धिपत्र घाला. एक प्रत माझ्या आईसाठी लागेल. तिला वाचता येत नाही, पण नातीचा अभंग छापून आला म्हणून ती पान ८४ उघडून शेजारणींना दाखवते आणि शेवटचे कडवे तोंडपाठ म्हणते, जे त्या पानावर नाही.

शुद्धिपत्रात ते असे, एकही अक्षर न बदलता घ्यावे :

आजीची मी नात । सांगे ऐका बाई ।
विठू इथे येई । भाकरीला ॥

आपला,
एक पालक आणि ग्राहक,
मंगळवेढा, जि. सोलापूर

सोबत : पैसे भरल्याची पावती, आपला मेल, पान ८४ ची छायाप्रत, मूळ अभंग मुलीच्या अक्षरात.