वेगाच्या विक्रमांआड राहिलेला ब्रेक

संपादक महोदय,
रेल्वेच्या इतिहासातले टप्पे म्हटले की वेगाचीच जंत्री समोर येते: १८२९ची इंग्लंडमधील रेनहिलची इंजिनांची स्पर्धा जिंकणारे ‘रॉकेट’, १९३८मध्ये ताशी सुमारे २०३ किलोमीटर गाठणारे वाफेचे इंजिन ‘मॅलार्ड’, १९६४ची जपानची बुलेट ट्रेन म्हणजे शिंकान्सेन. कौतुक आहेच. पण गाडी थांबली कशी, हे सहसा कुणी विचारत नाही.

१२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्माजवळ सहलीची गाडी चढावर अडली. गाडीत मुलेच जास्त. पुढचे काही डबे आधी वर न्यायचे म्हणून मागचे डबे सोडवले. ब्रेक व्हॅक्यूमचे, म्हणजे नळीतली हवा ओढून लावायचे, होते खरे, पण साधे, आपोआप न लागणारे. जोडणी सुटताच ते निकामी झाले. डबे उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० जण दगावले.

खेदाची गोष्ट म्हणजे उपाय तेव्हा ठाऊक होता. अमेरिकन संशोधक जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या स्वयंचलित ब्रेकमध्ये नळीतली दाबाची हवा ब्रेक सुटे ठेवते. नळी तुटली, डबा निसटला की दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप लागतात. बिघाड झाला तर गाडी थांबलीच पाहिजे, असा हा उलटा आणि मला तरी विलक्षण वाटणारा विचार. आर्मानंतर त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना असे ब्रेक सक्तीचे केले. आधी केला असता तर?

रेल्वेच्या इतिहासावर लिहिताना या तारखेलाही दोन ओळी मिळाव्यात.

– एक वाचक