आबा, तुम्ही तेव्हा ‘नाही’ म्हणालात म्हणून

आबा, नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल, त्याला तसं सांगून ठेवलंय. समोरासमोर बोलायला जाते तेव्हा तुम्ही विषयच बदलता, "चंदी संपवली का तिने?" असं माझ्या घोडीच्या दाण्याबद्दल तेवढं विचारता आणि माझं सांगायचं राहून जातं. सगळ्यांसमोर लिहितेय त्याचं कारण म्हणजे घोडीला आमच्याकडे येऊन वर्ष झालं, फोटो टाकला, आणि तेव्हापासून ठाण्यातली, ऐरोली-घणसोलीतली बरीच मंडळी विचारतायत की पहिला घोडा निवडलास कसा. मी नाही निवडला हो. निवडला तुम्ही. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही, पण चाळीस वर्षं माथेरानला घोड्यांमागे चाललेल्या माणसाने माझ्यासाठी काय केलं ते लोकांना कळू दे.

पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी तो पांढरा घोडा जवळजवळ घेतलाच होता. नुकरा म्हणतात तसा, गुलाबी नाक, मारवाडी जातीचे कान एकमेकांना टेकलेले, आणि व्यापारी सांगत होता की गळ्यावर देवमणी, म्हणजे केसांचा शुभ भोवरा आहे, असा घोडा घरात आला की भाग्य उजळतं. वय चार वर्षं म्हणाला. रविवारी ॲडव्हान्स द्यायचा होता, आणि रायडिंग क्लासमधल्या एकीने म्हटलं की एकदा ऐरोलीच्या आबांना दाखव. तुम्ही आलात, भोवऱ्याकडे बघितलं पण नाही, सरळ खोगिराखाली हात घातला आणि ओला हात मला दाखवलात. "सकाळपासून किती पळवलाय याला?" व्यापारी हसला फक्त. तुम्ही त्याला काही बोलला नाहीत, गाडीत बसल्यावर मला म्हणालात, गुरुवारी येऊ, फोन न करता, उजाडायच्या आत.

त्या गुरुवारची पहाट मी विसरूच शकत नाही. साडेसहालाही अंधार होता, घोडा नुकताच तबेल्यातून बाहेर काढलेला, अंगावर काही नाही, आणि तुम्ही त्या पोराला सांगितलंत की दगडी जागेवरून दुडकीने, म्हणजे हळू पळवत आण. मी पाय बघत होते, मला काहीच दिसेना. तुम्ही म्हणालात, "पाय नको बघू, मान बघ. पुढचा दुखरा पाय टेकला की मान वर जाते." आणि मग दिसलं, एकदा दिसलं की दिसतच राहिलं, दर दुसऱ्या पावलाला मान वर, मान वर. रविवारी हेच दिसत नव्हतं कारण आधीच पळवून अंग गरम केलेलं, कदाचित दुखणं मारायचं इंजेक्शनही दिलेलं असेल, ते आता कोण सिद्ध करणार. मग तोंड उघडून दात दाखवलेत. घोड्याचे पुढचे दुधाचे दात जोडीजोडीने पडतात, मधली जोडी अडीच वर्षांना, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला, म्हणजे चार वर्षांच्या घोड्याच्या कडेला अजून दुधाचे दात हवेत. याचे सगळे पक्के, वर झिजलेले. आठ-नऊचा तरी होता.

मी गाडीत रडले. तुम्ही म्हणालात, "घोडा वाईट नाही पोरी. त्याला आराम पाहिजे, आणि तुला चालणारा घोडा पाहिजे." आबा, तो व्यापारी तुमच्या ओळखीतला होता हे मला फार नंतर कळलं. त्याच्या अंगणात उभं राहून एका अनोळखी बाईसाठी ‘नाही’ म्हणणं सोपं नव्हतं तुम्हाला. आणि माझ्याशी गोड बोलणारे तेव्हा पुष्कळ होते.

मग डिसेंबरात तुम्ही मला सारंगखेड्याला पाठवलंत, दत्त जयंतीच्या यात्रेतल्या घोडेबाजाराला, तापीकाठी. पैसे घरी ठेवून जा म्हणालात. दोन दिवस नुसते घोडे बघितले, शेकडो, पांढरे-काळे अबलख, चारही पाय नि कपाळ पांढरं असलेले पंचकल्याणी, सगळे, आणि परत आले तेव्हा माझी पांढऱ्या रंगाची हौस बरीच फिटली होती. याच्यासाठीच पाठवलं होतंत ना?

आणि मग पनवेलकडच्या त्या घरातली ही घोडी. कुमाईत म्हणजे तांबूस-तपकिरी, पाच फुटाला थोडी कमी, कपाळावर साधं बोटाएवढं पांढरं, एक कान फाटका. वय १२. मालकिणीने स्वतःच सांगितलं आणि दातही तेच बोलत होते, वरच्या कडेच्या दातावर हिरडीपासून खाच उतरायला लागली होती, ती साधारण दहाव्या वर्षी दिसते. खरं सांगते, मला ती तेव्हा नाही आवडली. तुम्ही मात्र तिला मोकळं सोडायला लावलंत आणि बघत राहिलात की माणूस जवळ गेला की ती पळते की थांबते. ती थांबली. चारही पाय उचलून बघितलेत, खूर ठोकून बघितले, रस्त्यावर डंपर जाताना उभं केलंत, प्लास्टिकची पिशवी फडफडवलीत. मग मला म्हणालात, तास बस तिच्याजवळ, काही करू नकोस. त्या तासात तिने माझ्या ओढणीचा वास घेतला, फुरफुरली आणि गवत खायला परत गेली. एवढंच झालं, पण घरी येताना माझ्या डोक्यात दुसरा घोडाच नव्हता.

तरी तुम्ही घाई करू दिली नाहीत. आपल्या बाजूचा डॉक्टर आणा, विकणाऱ्याचा नको. त्यांनी प्रत्येक पाय मिनिटभर दुमडून धरून मग लगेच दुडकीने पळवून बघितला, छाती, डोळे तपासले, ग्लँडर्ससाठी रक्त घेतलं, कारण तो रोग माणसालाही होतो आणि घोड्याला झाला तर बरा होत नाही. आणि सगळं चांगलं निघाल्यावर तुम्ही तो प्रश्न विचारलात, "घोडं पंचवीस-तीस वर्षं जगतं. ही पंचविसाची होईल तेव्हा तू कितीची?" मी ३६, म्हणजे ४९. "तेव्हा ही बसायला देणार नाही, खायला मात्र रोज लागेल. घरी जाऊन नवऱ्याशी बोल, मग ये." आम्ही दोघं त्या रात्री एक वाजेपर्यंत हिशोब करत बसलो होतो, तबेल्याचं भाडं, गवत, नाल ठोकणारा नालबंद, डॉक्टर, महिन्याला २५ हजारांच्या आसपास, तेही काही झालं नाही तर. दोघांनी मिळून हो म्हटलं.

तळोज्याच्या तबेल्यात ती आली आणि मला वाटलं तुमचं काम संपलं. तुम्ही तर दर बुधवारी यायला लागलात. ठाणे-पनवेल लोकलने बेलापूर, तिथून मेट्रोने पेंधर, मग रिक्षा, या वयात. खुराला हात कसा घालायचा ते शिकवलंत, खांद्यापासून तळवा मागच्या नसेवरून खाली सरकवत आणायचा, हलकंच दाबायचं आणि म्हणायचं "पाय", की ती स्वतः उचलते. पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ खूर कोरायचे, आणि कोरून निघालेल्या घाणीचा वास घ्यायचा. आधी मला कसंतरी व्हायचं. ऑगस्टमध्ये एक दिवस तो कुजका वास आला आणि दोनच दिवसांत खुराची सड आवरली कारण वेळेत कळलं. गवत अंदाजाने घालत होते तर बॅगा मोजायचा छोटा काटा आणायला लावलात. ४०० किलोच्या घोडीला दिवसाला निदान ६ ते ८ किलो सुकं गवत, आधी गवत मग चंदी, मे महिन्यात ४० लिटर पाणी आणि खाली चाटायला सैंधवाचा खडा.

पण जुलैमधली ती रात्र. गवतवाला आला नाही म्हणून मी दुसरीकडून गवत घेतलं आणि एका दिवसात सगळं बदललं, सात-दहा दिवस हळूहळू मिसळत बदलायचं हे तुम्ही सांगितलेलं, तरी. रात्री साडेदहाला तबेल्यातल्या पोराचा फोन, ती चंदीला तोंड लावत नाही, पाय आपटतेय, सारखी वळून कुशीकडे बघतेय. पाऊस असा की समोरचं दिसेना. तुम्हाला फोन लावला आणि तुम्ही पहिल्या रिंगला उचललात. "खाणं काढून घे सगळं. डॉक्टरला फोन केलास? आधी तो कर, मग मला लाव." मग फोन स्पीकरवर. कान लाव तिच्या कुशीला, गुडगुड ऐकू येते का. हिरडी दाबून सोड, दोन सेकंदांत गुलाबी होते का. जबड्याखाली नाडी मोज, पंधरा सेकंद मोजून चारने गुण. ५६ होती, निवांत घोडीची चाळिसाच्या आत हवी. तबेल्यातला एक जण बाटलीने तोंडात तेल ओतायला निघाला होता, तुम्ही फोनवरून एवढ्या जोरात ओरडलात की तो जागच्या जागी थांबला. ते तेल फुप्फुसात गेलं असतं तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी नंतर समजावलं. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात जे अडकलं ते खालूनच जायला हवं, म्हणून त्यांनी नाकातून नळी घालून पोटात लिक्विड पॅराफिन सोडलं आणि दुखण्याचं इंजेक्शन दिलं. ती लोळायला बघायची तेव्हा तुम्ही सांगायचात, चालव थोडं, दमवू नको, आता उभी राहू दे. पहाटे पावणेपाचला तिने लीद टाकली. मी मोबाईलच्या उजेडात ती लीद बघून पोराच्या गळ्यात पडले, आणि फोनवर तुम्ही काहीच बोलेनात, नुसता श्वास येत होता. सहा तास फोन चालू ठेवला होतात आबा. ऐंशीच्या घरातल्या माणसाने.

मी चूक सांगितली तेव्हा रागावला नाहीत. पुढच्या बुधवारी आलात ते गवतवाल्याचा दुसरा नंबर घेऊन.

पैसे द्यायचा प्रयत्न मी दोनदा केला, आता पुन्हा तो करणार नाही. पण मनापासून आभार मानते, तुम्ही मला एक चांगली घोडी दिलीत आणि तिच्याकडे बघायला शिकवलंत. आता ती माझ्या पावलांचा आवाज ओळखते, गेटवरूनच खिंकाळते.

येत्या बुधवारी नालबंद येतोय, सात आठवडे होतायत. पुढच्या उजव्या खुराची बाहेरची कड मला जरा जास्त झिजलेली वाटतेय, तुम्ही बघितल्याशिवाय मी त्याला हात लावू देणार नाहीये. स्टूल सावलीत ठेवते. मेट्रोतून उतरलात की रिक्षा करू नका, मी पेंधरला गाडी घेऊन उभी असेन.

तुमची,
कुमाईतवाली पोरगी